खर्रा सुटला, पहारा सुटत नाही

पत्र

ताई, नमस्कार. नाव छापू नका, नागपूरच्या मानेवाड्याची एक बाई एवढंच लिहा.

माझं वय ४४, यांचं ४९. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी या घरात आले तेव्हापासून यांच्या तोंडात खर्रा, तोच तंबाखू-सुपारीचा. हिंगण्याला एमआयडीसीत कामाला आहेत, दिवसाला सहा-सात पन्न्या ठरलेल्या. मी काय नाही केलं? रडले, भांडले, माहेरी जाऊन बसले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. खिसे तपासणं तर रोजचंच. मागच्या उन्हाळ्यात यांना तिखट सोसेना, जांभई द्यायला तोंड उघडेना. डेंटिस्टने पाहिलं तर दोनच बोटं आत जात होती. त्याच संध्याकाळी हे कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेले, उधारी चुकती केली आणि म्हणाले, वहीतून माझं नाव काट. आज सात महिने झाले. खरंच सोडला जी यांनी.

पहिल्या महिन्याची चिडचिड मी काढली. पण त्यानंतर माणूसच बदलून राहिला. पहाटे उठून सक्करदरा तलावाकडे फिरायला जातात. रविवारी पोहे करतात, तर्रीसकट. मुलीला कॉलेजचं विचारतात, आधी तिचं कोणतं वर्ष चाललंय हेही माहीत नसायचं. मला म्हणतात, चहा कमी कर, तुला पित्त होते. मला राग येते, ताई.

परवा नणंदेच्या मुलीचा साखरपुडा झाला. जो तो यांचं कौतुक करून राहिला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अजून सातच महिने झाले, बघू किती दिवस टिकते.’ सगळे हसले. हे नाही हसले. अर्धं ताट ठेवून उठले. तेव्हापासून घरात बोलतात, पण स्वतःचं काही सांगत नाहीत.

काल यांची पँट धुवायला टाकताना हात आपोआप खिशात गेला. मेट्रोचं तिकीट निघालं आणि कागदात गुंडाळलेल्या चार लवंगा. बरं वाटायला पाहिजे होतं. पण काय सांगू, रिकामं रिकामं वाटलं. ज्यासाठी बावीस वर्षं भांडले ते झालं, तर मला आनंद काहून होऊन नाही राहिला? मी वाईट बाई आहे का? आणि यांना साथ द्यायची म्हणजे आता काय करू?

उत्तर

तुम्ही वाईट बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं थोडं टोचणारं आहे.

त्या लवंगांपाशी मी थांबले. बावीस वर्षं तुम्ही घरात एक काम केलंत, पहाऱ्याचं. गाल कोणत्या बाजूला फुगलाय, फोनवर नुसतं ‘हूं हूं’ का चाललंय, अंगणातल्या नळाशी आज इतका वेळ चूळ का भरतोय, हे तुम्हाला न बघता कळत असणार. घरातला शहाणा माणूस कोण आणि चुकणारा कोण, हेही त्या कामाने ठरवून टाकलेलं होतं. भांडण कशावरूनही निघो, शेवटी तुमच्या हातात हुकमाचं पान असायचं. आणि मग एका संध्याकाळी पानठेल्याच्या वहीतलं एक नाव काटलं गेलं आणि तुमची ड्युटी संपली. कंपनीतून रिटायर होणाऱ्याला निदान शाल-श्रीफळ देतात. तुमच्या हाताला तर कुणी कळवलंसुद्धा नाही, म्हणून तो अजून खिशात जातो. तिथे पन्नीऐवजी लवंगा निघाल्यावर रिकामं वाटणारच.

डॉन जॅक्सन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ साली यावर लिहून ठेवलंय. त्याला दिसलेलं असं, की घरातला आजारी माणूस सुधारायला लागला की बरेचदा घरातलं दुसरंच कुणी बिघडतं. घराचा एक तोल बसलेला असतो. तो वाईट असला तरी बसलेला असतो, आणि एकाने जागा सोडली की बाकीचे नकळत त्याला परत त्याच जागेवर ओढू पाहतात. दुष्टपणा नसतो त्यात. खाटेवर तिघं बसलेले असताना एक जण एकदम उठला तर उरलेले दोघं हात पुढे करतातच.

साखरपुड्यातलं तुमचं वाक्य मला त्या हातासारखं वाटलं.

माझ्या घरचं सांगते. माझ्या धाकट्या भावाने दारू सोडली त्याला पुष्कळ वर्षं झाली. सोडल्यावरही प्रत्येक लग्नात, प्रत्येक तेरवीला आमच्यातलं कुणी ना कुणी म्हणायचंच, ‘याच्यावर लक्ष ठेवा रे.’ सगळ्यात जास्त मीच म्हणायचे. मोठी बहीण ना! एकदा बुटीबोरीजवळच्या एका लग्नात मी त्याचा ग्लास उचलून वास घेतला. कैरीचं पन्हं होतं. तो काही बोलला नाही. परत येताना गाडीत म्हणाला, ‘ताई, मी सोडली. तुम्ही लोकांनी काहून नाही सोडली?’ वर्ध्याच्या रस्त्याला दिवे लागेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही. म्हणून तुम्हाला हे वरून, काठावर उभी राहून सांगतेय असं समजू नका. लोकांना सल्ले देत असतानाच मी तो ग्लास हुंगलेला आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. साखरपुड्यात जो तो त्यांचं कौतुक करत होता. तुमचं कुणी केलं? बावीस वर्षं लाल पिचकाऱ्यांचे डाग तुम्ही घासले, खर्ऱ्यात गेलेला पैसा तुम्ही किराण्यातून वाचवला, मुलीला खोटं सांगितलं. माणूस बदलला की टाळ्या बदलणाऱ्याला मिळतात, ज्याने आधीचं सोसलं तो मांडवात पंगत वाढत असतो. तुमच्या तोंडून निघालं ते टोमण्यासारखं, पण आत तक्रार आहे, आणि ती खरी आहे. त्यांनी पानठेल्याची उधारी त्याच दिवशी चुकती केली. घरची वही अजून उघडलेलीच नाही.

ती उघडावी लागेल. साथ देणं म्हणजे मागचं सगळं गिळून हसत राहणं असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. गिळलेलं असंच बाहेर येतं, चार लोकांत आणि नको त्या वेळी.

पण क्रम चुकवू नका. आधी माफी, आणि ती एकटी. ‘साखरपुड्यात मी बोलले ते चुकलं, लोकांसमोर तर बोलायलाच नको होतं.’ संपलं. ‘पण तुम्हीही...’ हे जिभेवर येईल, ते त्या दिवशी येऊ देऊ नका. त्यांनी नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं किंवा काहीच म्हटलं नाही, तरी तेवढ्यावर उठा. ही जखम ताजी आहे, तुमची जुनी आहे. दोन्हींवर एकाच दिवशी पट्टी बसत नाही.

आठ-पंधरा दिवस जाऊ द्या आणि मग तुमचं सांगा. स्वयंपाकघरात नको, तिथे हातात भांडं असतं आणि आवाज चढतो. एखाद्या पहाटे त्यांच्यासोबत तलावाकडे जा. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे पुरुषमाणसं जरा बोलती होतात, हा माझा अनुभव. ‘मला मागचं काही सांगायचं आहे. भांडायला नाही. तुम्ही फक्त ऐका,’ एवढी सुरुवात पुरे. आणि सांगताना ‘तुम्ही नेहमी’ वगैरे नको, एखादाच प्रसंग घ्या. शपथेचा दिवस घ्या हवा तर. ते मध्येच म्हणतील, ‘आता सोडला ना, मग जुनं काहून उगाळते?’ बहुतेक म्हणतीलच. तेव्हा सांगा, ‘तुमची सुटका झाली, मला अजून कुणी विचारलं नाही, कशी होतीस म्हणून.’ पुढे काय होईल मला माहीत नाही. पण ज्या माणसाला सात महिन्यांत मुलीच्या कॉलेजचं विचारायचं सुचलं, त्याला हे ऐकताच येणार नाही असं मला वाटत नाही.

शपथेचं निघालंच आहे तर मुलीबद्दल एक. तुम्ही ती एका ओळीत लिहून मोकळ्या झालात, तिच्या मात्र ती पक्की लक्षात असणार. वडिलांनी शपथ मोडली तर आपल्याला काही होईल, ही भीती लहानपणी डोक्यावर ठेवलेल्या हाताबरोबर आत जाते आणि मोठेपणी हसण्यावारी नेली तरी पूर्ण जात नाही. तिला दोघांनी मिळून सांगा, ती शपथ आमची चूक होती, बाबांनी सोडला तो स्वतःसाठी, आणि पुढे काही झालं तर त्याचा तुझ्याशी संबंध नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या ‘बघू किती दिवस टिकते’मध्ये एक रास्त प्रश्नही आहे, त्याचं उत्तर देते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या दोन मानसशास्त्रज्ञांनी सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून १९८३ साली दाखवलं, की सुटणं टप्प्याटप्प्याने होतं. त्यांच्या मांडणीत पहिले सहा महिने सोडण्याचे, त्यानंतरचा काळ टिकवण्याचा. तुमच्या घरी सातवा महिना संपलाय, म्हणजे तुमचे मिस्टर टिकवण्याच्या टप्प्यात नुकते शिरलेत. आणि त्यांना हेही दिसलं, की घसरणं अगदी नेहमीचं आहे. पुष्कळ जण दोन-चार फेऱ्या मारूनच कायमचे बाहेर पडतात.

आपण नागपूरकर खरं तर हे जाणतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मारबत काढतो, म्हणजे ईडा-पीडेच्या पुतळ्याची मिरवणूक, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून अख्खं शहर ओरडतं, नेऊन जाळतं आणि घरी येऊन जेवतं. पुढच्या वर्षी परत बांधायला घेतो. तेव्हा कुणी विचारत नाही, की मागच्या वर्षी जाळली होती ना, मग ही कुठून आली?

म्हणून, समजा एखाद्या दिवशी पन्नी सापडलीच. ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्या वाक्यात दुःखापेक्षा समाधान जास्त असतं आणि समोरच्याला ते बरोबर ऐकू येतं. विचारा, ‘आज काय झालं होतं?’ कारण काही ना काही झालेलं असतं. शिफ्ट लांबली, जुना दोस्त भेटला, सुपरवायझर बोलला. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी टळली की उतरते, आणि त्या मिनिटांत काय करायचं हे त्यांनी आधीच शोधलंय. लवंगा उगाच नाहीत खिशात.

जेवणानंतरच्या तबकाकडे मात्र लक्ष असू द्या. ‘खर्रा नाही ना, नुसती सुपारी आहे, घ्या दोन दाणे’ म्हणणारी माणसं आपल्याकडे घरटी एक आहेत, आणि मनाने वाईट नसतात हीच पंचाईत. तोंड न उघडण्याचा जो आजार आहे, सबम्युकस फायब्रोसिस, त्याचं मुख्य कारण सुपारीच. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीला कर्करोगकारक ठरवलंय. तेव्हा गोड सुपारी, मसाला सुपारी, काहीही नको. पुढच्या कार्यक्रमात तबक आलं की तुम्ही ते हातात घ्या आणि पलीकडच्याला द्या, काही न बोलता. ही साथ. त्यांना दिसेल.

आणि तपासणी सोडू नका. खर्रा सुटला तरी आत जे कडक झालं ते आपोआप पूर्ण सैल होत नाही आणि धोकाही एकदम संपत नाही. डेंटिस्टने दिलेल्या तारखा पाळा. मोठं काही वाटलं तर आपल्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहेच. तलफेचं जड गेलं तर १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा फुकट नंबर आहे. २०१८ पासून तंबाखूच्या पुड्यांवर तो छापतात, पण खर्रा पानठेल्यावर घोटून साध्या पन्नीत बांधून मिळतो, त्यावर कोण काय छापणार! त्यामुळे बावीस वर्षं खाऊनही त्यांनी तो नंबर कधी पाहिला नसेल. नंबर त्यांच्या हातात द्या. फोन करायचा की नाही, ते त्यांचं.

पोह्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मला त्यावर दोन लिहायच्या आहेत. रविवारी त्यांनी पोहे समोर ठेवले की तुम्ही काय म्हणता? मी पैज लावते, ‘मीठ कमी आहे’ किंवा ‘ओटा पुसला का?’ शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. आपल्या माणसाने चांगली बातमी आणली तर आपण कसं घेतो, याचा तो अभ्यास. त्यात नुसतं ‘छान’ म्हणून विषय संपवणाऱ्यांचं नातं काही फार बरं नव्हतं. खोडी काढणाऱ्यांचं नव्हतंच. ज्यांनी उत्साहाने पुढे विचारलं, त्यांचं बरं होतं. तर तर्रीला हरभरे रात्री भिजवले होते का, तिखट कोणतं घातलं, आता तोंडाला सोसतं का, एवढं विचारून बघा. ‘सोसतं का’ हे तर विचाराच. ज्या तोंडाला मागच्या उन्हाळ्यात वरणातली मिरची सोसत नव्हती, तो माणूस तर्री करतोय. खोटं कौतुक करू नका, तुम्हाला जमणारही नाही. मीठ कमी असेल तर वरून घ्या.

चहाच्या उपदेशाचा राग मात्र मला शंभर टक्के कळतो. नव्याने काही सोडलेली माणसं काही दिवस दुसऱ्यांचंही सोडवायला निघतात. इथे गप्प बसायची गरज नाही. हसून, पण स्पष्ट सांगा, ‘तुमचा खर्रा तुम्ही सोडला, माझा चहा माझ्याकडे राहू द्या.’ साथ द्यायची म्हणजे त्यांच्या शाळेत नाव घालायचं असं नाही.

राहिलं ते रिकामं वाटणं. ‘एखादा छंद लावून घ्या’ असं मी लिहिणार नाही. मला कुणी तसं म्हटलं की मी विषय बदलते. बावीस वर्षांचं लक्ष एकदम मोकळं झालंय, ते लगेच भरतकामात कोंबू नका. थोडे दिवस तसंच राहू द्या. त्या मोकळ्या जागेत आधी राग येईल, तो येऊ दे. मग कदाचित आठवेल, की लग्न होऊन आलेल्या बावीस वर्षांच्या त्या मुलीला काय करायचं होतं. पुन्हा लिहिलंत तर तेही कळवा.

तोवर एक काम करा. कपडे मशीनला टाकायचं काम उद्यापासून त्यांच्याकडे द्या. पाणी जाऊन लवंगा भिजल्या, तिकिटाचा लगदा झाला, तर ते त्यांचं ते निस्तरतील.

तुमची,
ताई